शहरातल्या गे लोकांचं आयुष्य वर्षानुवर्षं टिपणारा कुठला फोटोग्राफर बघावा? बडोद्यात असं काम सुरू करायचं तर कसं?

फाइन आर्ट्सला आहेस आणि सेमिस्टरपुरतं नाही, पुढची बरीच वर्षं चालेल असं काम करायचंय असं लिहिलंयस, म्हणून एकच नाव सांगतो, सुनील गुप्ता. (विद्यार्थी आहेस म्हणून अरेतुरे करतोय, चालेल ना?) बाहेरची बरीच नावं मिळतील पण आपल्याला हा माणूस जवळचा, 1953 चा दिल्लीतला जन्म, 1969 मध्ये घरच्यांबरोबर कॅनडात, मग न्यूयॉर्क, लंडन, मध्ये काही वर्षं परत दिल्ली, आणि सगळीकडे विषय तोच.

त्यांचं काम बघताना फक्त चेहऱ्यांकडे बघ. 1976 मध्ये न्यूयॉर्कला गेले ते एमबीए करायला, ते राहिलं बाजूला आणि लिसेट मॉडेल नावाच्या बाईंकडे फोटोग्राफी शिकायला लागले, आणि ख्रिस्टोफर स्ट्रीटवर फिरून ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढले. 1969 मध्ये स्टोनवॉल या गे बारवर पोलिसांची धाड पडली आणि लोक उलटून उभे राहिले, तो राडा झाला याच रस्त्यावर, आणि एड्सचं अजून कोणाला नावही माहीत नव्हतं, त्यामुळे मिशावाले, टाइट जीन्सवाले पोरं भर दुपारी बिनधास्त चालतायत, काही तर सरळ कॅमेऱ्यात बघतायत. मग दहा वर्षांनी, 1986-87 ला, दिल्लीत काढलेली एक्झाइल्स ही सीरिज बघ. इंडिया गेट, हुमायूनचा मकबरा, हौज खास, सगळं रंगीत आणि ओळखीचं, पण बरीच माणसं पाठमोरी किंवा चेहरा फ्रेमच्या बाहेर. हे चोरून काढलेले फोटो नाहीत हं, ठरवून, उभं करून काढलेत, आणि फोटोखाली त्या लोकांशी झालेल्या गप्पांमधली वाक्यं टाकलीयेत. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं 377 कलम होतं, घरी लग्नाची बोलणी चालू, चेहरा कोण देणार. आणि 2007 ला तीच दिल्ली, मिस्टर मल्होत्राज पार्टी, यात लोक नावानिशी रस्त्यात उभे राहून आपल्याकडे बघतायत. नाव का असं, तर क्लबमधली गे नाइट उघड म्हणता यायची नाही, म्हणून दारावर कोणातरी काल्पनिक माणसाची प्रायव्हेट पार्टी असल्याची पाटी लागायची. मला ही सीरिज सगळ्यात आवडते, एक्झाइल्स जास्त गाजलीये तरी.

मधलं बरंच राहिलं. लंडनमधल्या जोडप्यांचे घरात बसून काढलेले फोटो आहेत, आणि 1995 मध्ये स्वतःला एचआयव्ही असल्याचं कळल्यावर कॅमेरा स्वतःकडेच वळवला ते फ्रॉम हिअर टू इटर्निटी, तेही बघ.

आता बडोदा. तुझ्याच फॅकल्टीत गे चित्रकार भूपेन खख्खरांचं नाव रोज कानावर पडत असेल, 1962 ला इथे आले, अकाउंटंटची नोकरी करत चित्रं काढली, 1981 चं यू कान्ट प्लीज ऑल आज लंडनच्या टेटकडे आहे. पण चित्रकाराला नाक-डोळे बदलता येतात, आपल्याला नाही.

मी स्वतः गे, पन्नाशी उलटलीये, दांडिया बाजारात वाढलो. आमच्या ग्रुपचा नव्वदच्या दशकातला एकही फोटो नाही. भावा-बहिणींच्या लग्नाचे अल्बम आहेत, गणपती विसर्जनाचे आहेत, आमचे नाहीत. कारण साधं, रोल धुवायला रावपुऱ्यात द्यायचा आणि स्टुडिओवाला बाबांना ओळखणारा, तो प्रिंट बघूनच पाकिटात भरणार, मग कोण काढतंय. त्यामुळे तू खरंच हे करणार असशील तर म्हाताऱ्यांपासून सुरू कर, तुझ्या वयाचे स्वतःचे फोटो स्वतःच काढतायत. चेहरा द्यायला नाही म्हणतील, मग हात काढ, खोली काढ, पायातल्या चपला काढ, आणि बोलणं रेकॉर्ड कर, विचारून.

आणि परवानगी एकदा घेतली की झालं असं समजू नकोस. 2009 मध्ये दिल्ली हायकोर्टाने 377 मधून सुटका देणारा निकाल दिला तेव्हा काही जण मोकळे झाले, 2013 च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने तो फिरवला, परत 6 सप्टेंबर 2018 ला सज्ञान लोकांच्या संमतीच्या संबंधांना 377 मधून बाहेर काढलं. या नऊ वर्षांत एकाच माणसाचं 'हो' आणि 'नाही' किती वेळा बदललं असेल, त्यात वर आई-वडील जातात, नोकरी बदलते, बायको-मुलं असतात (हो, असतात, बडोद्यात खूप जणांना आहेत). म्हणून दर वेळी फोटो बाहेर दाखवायच्या आधी फोन करून विचार. प्रदर्शनाला हो म्हणणारा इन्स्टाला नाही म्हणेल, ते वेगळं विचार. फाइलमधलं लोकेशन काढून टाक, आणि कॉलेजच्या कॉम्प्युटरवर काहीही ठेवू नकोस. कमाटी बागेत लांबून झूम लावून काढलेले फोटो तर अजिबात नको, कितीही भारी आले तरी.

गुप्तांची पुस्तकं महाग आहेत, आधी तुमच्या लायब्ररीत विचारून बघ. नाहीतर त्यांच्या वेबसाइटवर सगळ्या सीरिज वेगवेगळ्या लावलेल्या आहेत, फुकट बघता येतात, फक्त मोबाइलवर नको बघूस, एक्झाइल्सखालची वाक्यं नीट वाचता आली पाहिजेत.