दिवाळीनंतर निम्मी होणारी शाळा

ताई, मुख्याध्यापकपदी पदोन्नतीबद्दल अभिनंदन. सांगली जिल्ह्यातल्या जतच्या पूर्व भागातली शाळा, तिसरीतल्या निम्म्या पोरांना साधा शब्द वाचता येत नाही, दिवाळीनंतर घरं ऊसतोडीला गेली की पट निम्म्यावर येतो, मग सुरुवात कुठून करू, असं विचारलंत. मी जत-आटपाडीत २९ वर्षं काढली, त्यातली ११ मुख्याध्यापक म्हणून.

आधी माझी चूक सांगतो. पहिल्याच शाळेत सगळ्यात हुशार गुरुजी मी पाचवीच्या शिष्यवृत्तीला जुंपले. चार पोरं यादीत आली, वेशीवर फलक लागला, माझा सत्कार झाला. दुसरीवर मात्र ज्याला तास रिकामा तो. तीन वर्षांनी तीच दुसरी पाचवीत आली आणि परीक्षेला बसवायला पोरगंच सापडेना. त्यानंतर पहिलीचा वर्ग मी स्वतःकडे घेतला तो निवृत्तीपर्यंत. माहिती भरायला उशीर व्हायचा, बोलणी खाल्ली. खावीत.

उमदी-संखकडे कितीतरी घरांत कन्नड चालते. मराठी शाळेतलं पोरगं गप्प बसलं म्हणजे ते ढ नव्हे. कन्नडात ‘बा’ म्हणजे ‘ये’. आपण फळ्यावर ‘बा’ लिहून बाबा शिकवतो, आणि ते बिचारं उठून पुढं येतं! आमच्याकडे खिचडी शिजवणाऱ्या मावशींना मी रोज थोडा वेळ पहिलीत बसवायचो. त्यांनी कन्नडात गोष्ट सांगायची, पोरांनी मला मराठीत समजावायची. सहा महिन्यांत तोंडं उघडली.

रंगरंगोटीच्या मागे सध्या लागू नका. साताऱ्याचं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा गट, बघायला राज्यभरातून शिक्षक जायचे, मीही गेलो. पोरं स्वतः मांडून, मोजून शिकत होती. परत आलेल्या बऱ्याच जणांनी फक्त फरशी रंगवली.

आता ऊसतोड. कोयता, म्हणजे तोडणीला जाणारं जोडपं, दिवाळीनंतर हलतो, पण मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्याच्या कितीतरी आधी घरात आलेली असते. त्यामुळे तुमचं काम पावसाळ्यातच. कोणतं घर जाणार, मागे आजी राहणार का, धाकटं भावंड कोण सांभाळणार, हे नावानिशी वहीत लिहा. मोठी पोरगी बहुतेक त्या भावंडापायीच जाते. मागे राहणाऱ्या पोरांसाठीच्या हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह वेळेत पाठवा. कायद्याने समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या बायका लागतात. आमच्याकडे त्या सहीपुरत्या होत्या. मी सभेला आज्यांनाही बोलावलं. एकीनं तोंडावर विचारलं, “रातच्याला पोरगं तापलं तर तू येणार का, गुरुजी?” त्याचं उत्तर तयार ठेवा. तरीही जी पोरं जातील त्यांना शिक्षण हमी कार्ड, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून द्यायचं कार्ड, द्या आणि कारखान्याजवळच्या शाळेला स्वतः फोन करा. नुसतं कार्ड ट्रंकेत राहतं.

तुमची शाळा आठवीपर्यंत असेल तर राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती सोडू नका. नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. हा आकडा पोरीच्या बापाला सातवीतच सांगा. माझ्या शाळेतल्या दोन पोरींच्या घरांत सोयरिकीची बोलणी तेवढ्यावर थांबली.

आणि ठरावाच्या सह्या-अंगठ्यांसाठी वस्तीवर दिवस मावळल्यावर जा. दिवसा तिथं कुत्र्यांशिवाय कुणी नसतं.