फुप्फुस प्रत्यारोपणानंतर नव्या फुप्फुसातल्या रोगप्रतिकारक पेशी कोणाच्या असतात, दात्याच्या की रुग्णाच्या?

सुरुवातीला दोघांच्याही. दात्याचं फुप्फुस येतं ते आपल्या पेशींसकट: वायुकोशांतले मॅक्रोफेज (जंतू आणि कचरा गिळणाऱ्या पेशी) आणि जुन्या संसर्गांची आठवण ठेवून तिथेच मुक्काम करणाऱ्या टी-पेशी (परकं ओळखून हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी). रक्तपुरवठा जोडला की काही तासांतच रुग्णाच्या न्यूट्रोफिल पेशी (सर्वात आधी धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी) तिथे धडकतात. पहिल्या 72 तासांत फुप्फुसाला सूज येऊन ऑक्सिजन घसरला, तर त्यामागे बऱ्याचदा त्यांचा मोठा हात असतो.

पुढची अदलाबदल संथ असते आणि मला तीच सगळ्यात विलक्षण वाटते. रुग्णाच्या टी-पेशी फुप्फुसात शिरतात आणि हळूहळू तिथल्याच होऊन जातात. तरी काही रुग्णांत दात्याच्या टी-पेशी वर्षभरानंतरही सापडल्या आहेत, आणि ज्यांच्यात त्या टिकल्या त्यांच्यात पहिल्या 72 तासांतली ती गुंतागुंत कमी दिसली. म्हणजे परकी पेशी दिसली की धोकाच, असं नाही. ब्राँकोस्कोपीच्या (श्वासनलिकेत दुर्बीण घालून केलेल्या तपासणीच्या) वेळी सलाइनने फुप्फुसाचा भाग धुऊन जो द्रव काढतात, त्यातल्या पेशींवरचे एचएलए (माणसागणिक वेगळी असणारी पेशींवरची ओळखखूण) प्रकार पाहून कोणती पेशी कोणाची ते ओळखता येतं.

टॅक्रोलिमससारखी औषधं टी-पेशींना आवर घालतात, पण त्यामुळेच सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस हा विषाणू) आणि बुरशीला वाव मिळतो. नवा खोकला, ताप किंवा दम लागला तर लगेच प्रत्यारोपण केंद्राला कळवा. औषध स्वतःहून बंद करू नका.