पेठेतला वाडा, तीन हिस्से आणि बिल्डरची ‘आउटराईट’ ऑफर

ताई, आधी तुमची केस थोडक्यात मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. पुण्यात शनिवार पेठेत वाडा, घरात सांगतात त्याप्रमाणे सव्वाशे वर्षं तरी जुना. तीन हिस्से. एक तुमचा, एक दादांचा जे अजून तिथेच राहतात, आणि एक धाकटा भाऊ गेला त्याचा, म्हणजे आता वहिनी आणि अमेरिकेतला भाचा. चार जुने भाडेकरू. बिल्डर म्हणतो 3 कोटी 60 लाखात आउटराईट द्या, म्हणजे पैसे घेऊन पूर्ण विकून टाका, प्रत्येकी 1 कोटी 20 लाख, नाहीतर रिडेव्हलपमेंटला या, प्रत्येकी 800 चौरस फूट कार्पेटचा फ्लॅट देतो जो तीन वर्षांनी 1 कोटी 60 लाखाचा असेल. शिवाय एक एजंट तुमच्या एकटीच्या हिश्श्याचे 80 लाख द्यायला तयार आहे. तुमचं वय 62, मिस्टर नाहीत, कोथरूडला स्वतःचा फ्लॅट, 45 लाखाच्या ठेवी, पेन्शन नाही, महिन्याला 55 हजार खर्च. दादांना वाडा सोडायचा नाहीये आणि तुम्हाला वाटतंय की वडिलांचा वाडा विकायला लावणारी मीच का ठरू.

माझं मत आधीच सांगून टाकतो. विका, पण या कागदावर नाही.

विका का, तर तुमचा वर्षाचा खर्च 6 लाख 60 हजार आणि ठेवींवर 7 टक्क्याने मिळतात सव्वातीन लाखाच्या आतच, बाकीचं मुद्दलातून जातंय आणि दरवर्षी महागाईने खर्च वाढतोच आहे, तर हे 45 लाख सात-आठ वर्षांत संपतात. तुम्ही तेव्हा सत्तरीच्या असाल. आणि दुसरीकडे 1 कोटी 20 लाखाची मालमत्ता नुसती पडून आहे, जी तुम्हाला एक रुपया देत नाही, उलट प्रॉपर्टी टॅक्स आणि गळणाऱ्या कौलांचा तिसरा हिस्सा मागते. तेच पैसे 7 टक्क्याने ठेवले तर महिन्याला 70 हजार होतात. म्हणजे वाडा राखायचे तुम्ही महिन्याला 70 हजार देताय असंच समजा. कोणाला परवडत असेल तर जरूर राखावा, मी वाडे पाडायच्या बाजूचा माणूस अजिबात नाही, पण तुम्हाला परवडत नाही आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आता तो कागद. तुम्ही पाठवलेला बिल्डरचा एमओयू, म्हणजे प्राथमिक समजुतीचा करार, मी दोनदा वाचला. तिघांना मिळून 11 लाख विसार, बाकी रक्कम ‘सर्व परवानग्या प्राप्त झाल्यानंतर’, तारीख कुठेही नाही, आणि सही करताना सोबत कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) पण द्यायचं. ताई, ह्याला आउटराईट म्हणत नाहीत. 3 कोटी 60 लाखाची जागा 11 लाखात, म्हणजे जेमतेम 3 टक्क्यात, बेमुदत अडकवून ठेवायची ही सोय आहे. परवानगी आली तर तो आजच्या भावाने घेणार, नाही आली किंवा मार्केट पडलं तर बाजूला होणार, आणि तोपर्यंत तुम्ही दुसऱ्या कोणाशी बोलू पण शकत नाही. बिल्डर लबाड आहे असं मी म्हणत नाही, तो त्याची जोखीम कमी करतोय, फक्त ती जोखीम तुमच्या गळ्यात येतेय आणि तिचे पैसे तुम्हाला मिळत नाहीयेत. मी काय मागेन तर रजिस्टर्ड साठेखत, म्हणजे विक्रीचा नोंदणीकृत करार, त्यावेळी किमान 25 टक्के बँकेतून, बाकी रकमेला पक्की तारीख, जास्तीत जास्त नऊ-दहा महिने, चुकला तर विसार जप्त, आणि पूर्ण पैसे येईपर्यंत पॉवर नाही. परवानगीच्या अर्जांपुरती मर्यादित पॉवर हवी तर द्या, विकायची किंवा गहाण टाकायची नाही. ह्याला तो नाही म्हणाला तर त्याची ऑफर 1 कोटी 20 लाखाची नव्हतीच, इतकं तरी कळेल.

पण त्याच्याही आधी एक काम आहे, आणि तुमच्या सगळ्या निरोपात त्याचा उल्लेखच नाही म्हणून काळजी वाटली. वाडा शनिवारवाड्यापासून किती मीटरवर आहे? शनिवारवाडा भारतीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, आणि 2010 च्या दुरुस्तीनंतर कायदा असा आहे की संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी, दुरुस्ती करता येते पण तीही परवानगी घेऊन, आणि त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित, तिथे बांधता येतं पण परवानगी आणि उंचीची अट. शनिवार पेठेतले कितीतरी वाडे ह्यात येतात. तुमचा 100 च्या आत निघाला तर फ्लॅटचा विषयच संपला, आणि आउटराईटचा भावसुद्धा, कारण बिल्डर जमिनीचे नाही तर त्यावर जे बांधता येईल त्याचे पैसे देतो. मग गिऱ्हाईक वेगळं शोधावं लागतं, वाडा दुरुस्त करून ऑफिस किंवा तसलं काही करणारं, आणि भाव बराच खाली. दादा म्हणतात ‘बिल्डरने बघितलंच असेल’. कदाचित बघितलंय, म्हणूनच तर तारीख टाकली नसेल. हे अंतर ‘साधारण’ नको, लेखी हवं, चांगल्या आर्किटेक्टकडून मोजून. त्याच फेरीत महापालिकेच्या हेरिटेज यादीत वाडा आहे का आणि असेल तर कोणत्या श्रेणीत हेही बघायला सांगा, कारण पहिल्या श्रेणीत असेल तर पाडायचं विसरा.

अंतर ठीक निघालं असं धरून पुढे जाऊ. 1 कोटी 20 आज की 1 कोटी 60 चा फ्लॅट नंतर? तुमची मुलगी म्हणते सरळ 40 लाख जास्त मिळतायत. 8 टक्क्याने हिशोब केला तर 1 कोटी 20 चे 1 कोटी 60 व्हायला पावणेचार वर्षं लागतात. म्हणजे फ्लॅट पावणेचार वर्षांच्या आत हातात आला तर रिडेव्हलपमेंट फायद्याची, नंतर आला तर तोट्याची. बिल्डर म्हणतो तीन वर्षं, पण ती मोजायची कधीपासून? चार भाडेकरू आहेत, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा, त्यांना भरभक्कम संरक्षण आहे, एक जण जरी कोर्टात गेला तरी दोन वर्षं अशीच जातात. सहा वर्षं लागली तर त्या 1 कोटी 60 ची आजची किंमत होते 1 कोटी 1 लाखाच्या आसपास. आणि हे फ्लॅट खरंच तितक्याला विकला जाईल असं धरून, बिल्डरने सांगितलेला भाव म्हणजे काही बँकेतली रक्कम नाही. बांधकाम चालू असताना मिळणारं भाडं दादांच्या कामाचं, तुम्ही तिथे राहतच नाही. शिवाय एक गोष्ट लोकांना माहीत नसते, क्षेत्रफळात हिस्सा घेणाऱ्या जागामालकाला महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांचं सरकारी नियामक प्राधिकरण, बिल्डरसारखाच प्रमोटर धरू शकतं, म्हणजे प्रोजेक्ट रखडला तर फ्लॅट घेणारे तुमच्याकडे पण बोट दाखवणार. 62 व्या वर्षी हे कशाला?

एजंटचे 80 लाख, त्यावर फार वेळ घालवत नाही. कुटुंबाच्या राहत्या घरातला अविभक्त हिस्सा बाहेरच्याने घेतला तर त्याला सहज ताबा मागता येत नाही, तो वाटपाचा दावा टाकतो, म्हणून तर तो 40 लाख कमी देतोय. तुम्ही पैसे घेऊन मोकळ्या व्हाल आणि दादांच्या दारात तो उभा राहील. नको.

टॅक्स. इथे बऱ्याच जणांचे पैसे उगाच जातात म्हणून जरा सविस्तर. वाडा वडिलोपार्जित, 2001 च्या आधीचा, त्यामुळे खरेदी किंमत म्हणून 1 एप्रिल 2001 ची बाजारभावाने किंमत धरता येते, पण तेव्हाच्या रेडी रेकनरपेक्षा, म्हणजे सरकारी दरापेक्षा, जास्त नाही. रजिस्टर्ड व्हॅल्युअरकडून तो रिपोर्ट काढा. समजा तुमच्या हिश्श्याची तेव्हाची किंमत 18 लाख निघाली. 23 जुलै 2024 पासून नियम बदलला, आता इंडेक्सेशनशिवाय, म्हणजे खरेदी किंमत महागाईप्रमाणे न वाढवता, 12.5 टक्के, पण भारतात राहणाऱ्या व्यक्तीची मालमत्ता त्या तारखेआधीची असेल तर जुन्या पद्धतीने म्हणजे इंडेक्सेशन घेऊन 20 टक्के यातला जो टॅक्स कमी तो भरता येतो. नव्या पद्धतीने नफा 1 कोटी 2 लाख, टॅक्स 12 लाख 75 हजार. जुन्याने, 2025-26 चा इंडेक्स 376 धरून, 18 चे होतात 67 लाख 68 हजार, नफा 52 लाख 32 हजार, टॅक्स 10 लाख 46 हजार. सरचार्ज आणि सेस दोन्हीत धरलेला नाही, तो सीएकडून करून घ्या. ढोबळ हिशोब सांगायचा तर भाव 2001 च्या साधारण साडेआठपटीच्या आत असेल तर जुनी पद्धत बरी, वर गेला की नवी.

ह्यातून 50 लाख सहा महिन्यांच्या आत कॅपिटल गेन बॉण्डमध्ये टाका, आरईसी, पीएफसी वगैरेंचे असतात, पाच वर्षं लॉक, व्याज सव्वापाच टक्के आणि त्यावर टॅक्स लागतो. व्याज बघून लोक नाक मुरडतात. पण जुन्या पद्धतीच्या हिशोबात करपात्र उरतात फक्त 2 लाख 32 हजार आणि टॅक्स 46 हजार, म्हणजे सरळ 10 लाख वाचले. एफडीत पावणेदोन टक्के जास्त मिळाले असते तर पाच वर्षांचे साधारण साडेचार लाख होतात. बॉण्डच बरे. मुलगी म्हणते तसं टॅक्स वाचवायला दुसरा फ्लॅट घ्यायचा तर तोच 10 लाखाचा टॅक्स वाचेल, पण 1 कोटीच्या फ्लॅटला पुण्यात स्टॅम्प ड्युटी 7 टक्के, बाईच्या नावावर 6, म्हणजे 6 लाख तिथेच गेले, वर रजिस्ट्रेशन, सोसायटी, भाडेकरू शोधा, आणि भाडं येणार वर्षाला 3 टक्क्याच्या आसपास. तुम्हाला दरमहा पैसे हवेत, अजून एक घर नकोय.

आणि बिल्डर काही रक्कम कॅशमध्ये सुचवेल, बहुधा सुचवलीच असेल. घेऊ नका. जागेच्या व्यवहारात 20 हजार किंवा जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड लागू शकतो, शिवाय ते पैसे बॉण्डमध्ये टाकता येत नाहीत आणि बॅंकेत पण सहज नाहीत.

भाच्याचं वेगळं बघावं लागेल. तो अनिवासी असेल तर त्याला 20 टक्के-इंडेक्सेशनचा पर्याय नाही, आणि त्याच्या हिश्श्यावर टीडीएस तुमच्यासारखा 1 टक्का नाही तर बराच जास्त कापला जातो, त्याने आधीच कमी कपातीचं सर्टिफिकेट काढून ठेवावं. त्याची पॉवर तिकडून कायदेशीर करून यायला वेळ लागतो, ते आत्ताच सुरू करा, नाहीतर बाकी सगळं तयार आणि एका सहीसाठी तीन महिने. प्रॉपर्टी कार्डावर वडिलांनंतर तुमचं नाव लागलंय का तेही बघा. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलींच्या हक्काबद्दल प्रश्न उरलेला नाही, पण जुन्या घरांमध्ये बहिणींचं नाव कार्डावर नसणं अजूनही दिसतं.

आता दादा. ते 67 चे, जन्म त्या वाड्यात, त्यांना 1 कोटी 20 लाख देऊन ‘शोधा घर’ म्हणणं बरोबर नाही आणि ते सही करणार पण नाहीत. त्यांना पैसे नकोत, पेठ हवी आहे. मग तिघांनी एकच मागायचं असं कोणी सांगितलं? बिल्डरला म्हणा दादांना त्याच जागेवर फ्लॅट आणि तोवर जवळपास भाड्याचं घर, तुम्हाला आणि वहिनींना बँकेतून पैसे, त्याच साठेखताच्या तारखांनी. बिल्डरला हे आवडू शकतं कारण आज त्याचे कमी पैसे जातात, आणि दादांच्या बाबतीत उशीर झाला तरी त्यांचं भाडं चालू राहतं. दादांच्या फ्लॅटसाठी बँक गॅरंटी मागा, पूर्ण नाही तर निम्म्याची. त्यांचा टॅक्सही रजिस्टर्ड करार असेल तर साधारणपणे पूर्णत्वाचा दाखला आल्याच्या वर्षी लागतो, आज खिशातून काही भरावं लागत नाही. दादांशी बोलताना आकड्यांपासून सुरुवात करू नका, त्यांना कुठल्या मजल्यावर हवाय तिथून करा.

पैसे आल्यावर, 50 लाख बॉण्ड, 30 लाख सीनियर सिटिझन स्कीममध्ये, तिथे 2025-26 मध्ये 8.2 टक्के मिळतायत म्हणजे दर तिमाहीला 61,500. बॉण्डचं व्याज वर्षाला 2 लाख 62 हजार. ह्या दोन्हीत मिळून महिन्याला 42 हजार येतात, त्यात आत्ताच्या ठेवींचं व्याज धरलं की तुमचा खर्च भागून थोडं उरतं. टॅक्स जाऊन राहिलेल्या साधारण 39 लाखातले 12 एफडीत हाताशी, बाकी हायब्रिड (शेअर आणि कर्जरोखे मिळून) म्युच्युअल फंडात, आणि पाच वर्षं त्याकडे बघायचं नाही. मुलीला काही द्यायचं असेल तर बॉण्ड सुटल्यावर.

अजून एक, हे साठेखतात लिहून घ्यायचं जवळजवळ सगळेच विसरतात. वाडा उतरवला की त्यातलं जुनं सागवान, खांब, तुळया, कोरलेले दरवाजे, हे सगळं विकलं जातं आणि त्याला चांगला भाव येतो. एमओयूत ‘मलबा विकसकाचा’ अशी अर्धी ओळ आहे, चौथ्या पानावर. ती खोडायला लावा. लाकडाची यादी फोटोसकट कराराला जोडा आणि त्याचे पैसे तिघांत वाटायचे की एकरकमी ठरवून घ्यायचे ते लिहा, आणि दादांना दिंडीदरवाजा नव्या फ्लॅटला लावायचा असेल तर तोही त्यात नावानिशी.