वाचकांचे प्रश्न : स्पर्धा कशासाठी आणि सहकार्य कोणत्या नियमाने?

प्रश्न : आमच्या गावात एकाने तीनशे फूट बोअर घेतली की शेजारचा चारशे फूट घेतो आणि उन्हाळ्यात दोन्ही कोरड्या पडतात. ‘बळी तो कान पिळी’ हा निसर्गाचाच नियम आहे, असे लोक म्हणतात. माणसाच्या जीवनात मूळ प्रवृत्ती स्पर्धेची की सहकार्याची? (एक शेतकरी वाचक, सिन्नर तालुका)

उत्तर : आधी निसर्गाच्या नियमाचे पाहू, कारण त्याच्या नावावर बरेच काही खपवले जाते. ‘जो सर्वांत योग्य तोच टिकतो’ हा शब्दप्रयोग मूळचा डार्विनचा नाही. तो १८६४ मध्ये हर्बर्ट स्पेन्सर यांनी केला आणि डार्विनने पुढे आपल्या ग्रंथाच्या १८६९ च्या आवृत्तीत स्वीकारला. त्याच डार्विनने १८७१ मध्ये असेही लिहिले आहे की ज्या टोळीतील माणसे एकमेकांच्या मदतीला धावतात, ती टोळी इतर टोळ्यांवर मात करील. रशियाच्या क्रोपोट्किन यांनी सायबेरियात पाहिलेल्या प्राणिजीवनाच्या आधारे १९०२ मध्ये परस्परसाहाय्याची बाजू सविस्तर मांडली. माणसाच्या मुलाला स्वतःचे पोट भरता येईपर्यंत इतकी वर्षे जातात की दहा जणांच्या हातभाराशिवाय मानवजात टिकलीच नसती. तेव्हा दोन्ही प्रवृत्ती मुळातल्याच आहेत, आणि त्यांतली कोणती आधीची हा वाद तुमच्या बोअरच्या कामाचा नाही. कोणत्या वस्तूसाठी स्पर्धा चालली आहे आणि तिला नियम आहेत की नाहीत, हे प्रश्न मात्र कामाचे आहेत.

तुमच्याकडची जमीन काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची आहे. या खडकात पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये साठते. खाली खाली जावे तसे ते वाढत जाते असे नाही. त्यामुळे शेजाऱ्याची चारशे फुटी बोअर बहुतेक वेळा नवे पाणी शोधत नाही, ती तुमच्याच विहिरीकडे येणारे पाणी ओढते. एका रांजणात दोघांनी नळ्या घालाव्यात आणि जास्त लांब नळी कोणाची यावर पैज लावावी, तसा हा प्रकार आहे. अशा स्पर्धेत जिंकणाराही कर्जात जातो. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्याने साठ मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध घातले आहेत. तो कायदा गावोगाव किती पाळला जातो, हे तुम्ही मला सांगण्याची गरज नाही.

कायदा जिथे पोहोचला नाही तिथे गावाने स्वतः नियम केले आणि ते निभले, याची उदाहरणे आपल्याकडे आहेत. नगर तालुक्यातील हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेण्यास बंदी केली आणि पावसाचा हिशेब मांडून त्या वर्षी कोणती पिके घ्यायची हे ठरवण्याची पद्धत पाडली. मला स्वतःला याहून जास्त विचार करण्याजोगी वाटते ती धुळे-नाशिक भागातील पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवरची फड पद्धत. तिला काही शतकांचा इतिहास आहे. बंधाऱ्याखालची जमीन साधारणपणे तीन-चार फडांत विभागलेली असे आणि एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे असे. प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा शक्यतो प्रत्येक फडात असल्यामुळे पाणी कमी पडले की एखादा फड भिजवायचा नाही असे ठरे, आणि तोटा सर्वांच्या वाट्याला थोडा थोडा येई. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे. कोणी मधल्या मध्ये पाट फोडून पाणी वळवू नये म्हणून देखरेखीला जागल्या असे.

या व्यवस्थेत कोणाच्या चांगुलपणावर फारसा भरवसा ठेवलेला नव्हता, हे ध्यानात घ्यावे. पाणीचोरी होणार हे गृहीत धरूनच जागल्या नेमलेला होता. सावडीचे, म्हणजे एकमेकांच्या शेतावर आळीपाळीने राबण्याचेही तसेच आहे. पेरणीला मी तुमच्याकडे आलो आणि माझ्या पेरणीला तुमचे कोणी फिरकले नाही, तर पुढच्या वर्षी तुम्हाला सावडीत कोणी घेत नाही. सहकार्य टिकते ते हिशेब लक्षात ठेवणारी माणसे असतात म्हणून. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते अशाच सामाईक पाण्याच्या, कुरणांच्या आणि जंगलांच्या अभ्यासासाठी. वापरणाऱ्यांनीच केलेले नियम, त्यांच्यातलीच देखरेख आणि चुकणाऱ्याला आधी लहान व मग वाढती शिक्षा, अशी लक्षणे त्यांना टिकलेल्या व्यवस्थांमध्ये जागोजाग दिसली.

स्पर्धेने गावे एकत्र येतात, हेही खरे आहे. पाणी फाउंडेशनने २०१६ मध्ये वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत वॉटर कपची स्पर्धा लावली आणि पहिल्या वर्षी कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने ती जिंकली. शेजारच्या गावाच्या पुढे जायचे म्हणून भाऊबंदकीत वर्षानुवर्षे न बोलणारी घरे एकाच चरावर कुदळ मारायला उभी राहिली, असे त्या उन्हाळ्यांत अनेक गावांतून ऐकू येत होते. इथे स्पर्धा ज्या गोष्टीची होती ती श्रमाने वाढणारी होती. एका गावाने चर खणले म्हणून दुसऱ्याचे चर कमी झाले नाहीत. परंतु पाणी अडवण्याची चुरस लावणे सोपे आणि अडलेले पाणी जपून वापरण्याची लावणे फार कठीण. पाणी आले की ऊस येतो आणि उसामागून पुन्हा बोअरचे यंत्र येते. तुमच्या गावाने सुरुवात करायची तर बोअरच्या खोलीवर वाद घालण्याआधी दोन-तीन शिवारांतल्या विहिरींची पातळी दर महिन्याला मोजून ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावी, असे मी सुचवीन. पाणी सामाईक आहे हे आकडे सांगतील तेव्हा लोकांना पटेल. व्याख्यानाने ते पटत नाही.

प्रश्न : माझा मुलगा लातूरला नीटची तयारी करतो. खोलीतील मुले एकमेकांना नोट्स दाखवत नाहीत, आणि तोही आता तसाच वागू लागला आहे. स्पर्धेच्या काळात त्याला दुसरे काय सांगावे? (एक आई, नांदेड जिल्हा)

उत्तर : त्याला आधी आकडे सांगा. २०२४ मध्ये नीटसाठी सुमारे चोवीस लाख विद्यार्थ्यांनी नाव नोंदवले होते आणि देशातील एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर होत्या. एवढ्या गर्दीत शेजारच्या कॉटवरच्या मुलाला रसायनशास्त्राचे एक सूत्र समजावून दिल्याने आपल्या मुलाची जागा जाण्याची शक्यता जवळजवळ शून्य आहे. उलट समजावून देताना कोणती पायरी आपल्यालाच कच्ची आहे ते कळते. नोट्स उशाखाली ठेवून ते कळत नाही. स्पर्धा वाईट असते, असा उपदेश मात्र करू नका. गुणांवर निवड होणे हे वशिल्यावर निवड होण्यापेक्षा कितीतरी बरे, आणि मुलांना ते ठाऊक असते. क्लासमध्ये दर आठवड्याच्या परीक्षेनंतर क्रमांक भिंतीवर लावत असतील, तर मुलांना चोवीस लाख दिसेनासे होतात आणि खोलीतले चौघेच दिसतात. दोष मुलांच्या स्वभावापेक्षा त्या भिंतीकडे अधिक जातो.

प्रश्न : सहकाराचे एवढे गोडवे गायले जातात, मग आमच्या साखर कारखान्याची ही अवस्था का? (एक सभासद)

उत्तर : विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणी येथे प्रवरेचा कारखाना उभा केला आणि १९५० च्या सुमारास त्याचे गाळप सुरू झाले, तेव्हा शेतकऱ्यांनी एकत्र येण्याला एक रोखठोक कारण होते : भाव ठरवण्याची ताकद हातात यावी. ती ताकद टिकण्यासाठी सहकारी संस्थेलाही बाहेरून स्पर्धा लागते, हे पुढे विसरले गेले. झोनबंदी होती तोवर ऊस ठरलेल्याच कारखान्याला घालावा लागे. काट्यात मारले तरी सभासद जाणार कुठे? ती उठल्यावर शेजारचा कारखाना जास्त दर जाहीर करू लागला आणि बऱ्याच संचालक मंडळांना उताऱ्याचा, म्हणजे उसातून किती साखर निघते याचा, खरा आकडा आठवू लागला.

संस्थेच्या आतली स्पर्धा म्हणजे निवडणूक, आणि तिच्या बाबतीत आपली एक वाईट खोड आहे. संचालक मंडळ बिनविरोध निवडून आले की आपण पेढे वाटतो आणि त्याला एकोपा म्हणतो. काही ठिकाणी तो एकोपा असेलही, पण बहुतेक वेळा विरोधात अर्ज भरणाऱ्याला रात्रीतून समजावलेले असते, आणि त्यानंतर पाच वर्षे वार्षिक सभेत ताळेबंदावर प्रश्न विचारणारे कोणी उरत नाही. तुमच्या कारखान्याची मागची निवडणूक कशी झाली, ते तुम्ही पत्रात लिहिलेले नाही. वार्षिक अहवाल हातात असेल तर गाळप, उतारा, व्याजाचा खर्च आणि प्रतिटन दिलेला दर हे चार आकडे गेल्या पाच वर्षांचे काढा आणि जवळच्या दोन कारखान्यांच्या आकड्यांशेजारी मांडून पुढच्या सभेत लेखी विचारा; एकट्याने विचारू नका, निदान वीस-पंचवीस सभासदांच्या सह्या त्यावर असू द्या.