इटलीतली डोंगरावरची गावं: दोघांसाठी तीनच मुक्काम ठेवा

ताई, तुम्ही विचारलंय की दोघांनाच जायचंय, हातात बारा रात्री आहेत, इटलीतली डोंगरावरची गावं निवांत बघायचीत, यादीत नऊ ठिकाणं झालीत आणि मिस्टरांचा गुडघा अधूनमधून दुखतो, तर जमेल का. नऊ ठिकाणांना पाय लागतील, पण निवांत नाही होणार. आम्ही दोघं त्या भागात दोनदा जाऊन आलो, पहिल्यांदा जवळजवळ रोज बॅग भरली आणि दुसऱ्यांदा फक्त तीन मुक्काम केले, त्यामुळे अगदी मनापासून सांगते, ओर्व्हिएतो तीन रात्री, सिएना चार, असिसी तीन, आणि उरलेल्या दोन रोमला, एक उतरल्यावर आणि एक परतताना.

आणि खोली गावातच घ्या, वर, जुन्या वेशीच्या आत. खाली स्टेशनजवळ स्वस्त मिळते पण तिथे राहिलात तर गावाची संध्याकाळ हुकते आणि मला विचाराल तर तीच बघायला एवढ्या लांब जायचं. दिवसभर टूरच्या बसगाड्यांची गर्दी असते, पाच वाजून गेले की ती ओसरते, मग गावातली माणसं बाहेर पडतात, नवराबायको हातात हात घालून मुख्य रस्त्यावरून सावकाश फेऱ्या मारतात, दर दहा पावलांवर कोणीतरी भेटतं की थांबून गप्पा. याला पासेज्जाता म्हणतात. आम्ही तिसऱ्या दिवशी त्यांच्यातलेच झाल्यासारखे फिरत होतो, आणि खरं सांगते, लग्नानंतर एवढ्या वर्षांत आम्ही दोघं काही काम नसताना असे चाललोच नव्हतो.

ओर्व्हिएतोपासून सुरुवात करा, कारण रोमहून ट्रेनने सव्वा तासाच्या आसपास लागतो आणि स्टेशनच्या समोरूनच फ्युनिक्युलर म्हणजे रुळावरची गाडी कड्यावर नेते, गुडघ्याला त्रास नाही. वर उतरलात की बाजूलाच सान पात्रिझिओची विहीर आहे. 1527 मध्ये रोम लुटलं गेलं तेव्हा पोप सातवे क्लेमेंट पळून इथे आले, वेढा पडला तर पाणी कुठून आणायचं म्हणून ही खोदायला लावली, सुमारे 53 मीटर खोल. दोन गोल जिने एकमेकांभोवती असे गुंफलेत की पाण्याला उतरणारं खेचर आणि भरून वर येणारं खेचर समोरासमोर येतच नाहीत. साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटांची विहीर ज्यांनी बघितलीय त्यांना इथे फार आनंद होईल. पण 248 पायऱ्या उतरायच्या आणि तेवढ्याच चढायच्या, तेव्हा मिस्टरांना वरच्या बागेत बसू दे, तिथून खालची दरी सुंदर दिसते.

तिथूनच एक दिवस चिविता दी बान्योरेज्जो. माती ढासळून ढासळून गाव एका सुळक्यावर उरलंय, जायला फक्त पायी पूल, वाहन नाही, प्रवेशाला 5 युरो घेतात. पुलाचा शेवटचा चढ चांगलाच आहे, सावकाश घ्या. ओर्व्हिएतोहून बान्योरेज्जोपर्यंत बस आहे, पण फेऱ्या मोजक्याच, म्हणून परतीची वेळ आधी बघून ठेवा आणि रविवार टाळा.

सिएनाला जाताना किउसीला गाडी बदलावी लागते. स्टेशनवरून गावात चढायला सरकते जिने आहेत, हे आम्हाला पहिल्या वेळी कोणी सांगितलंच नाही आणि बॅगा ओढत चढलो! काम्पो चौक उतरता आहे, शिंपल्यासारखा, विटांच्या नऊ पट्ट्या, संध्याकाळी लोक सरळ जमिनीवर बसतात, तुम्हीही बसा. 2 जुलै आणि 16 ऑगस्टला तिथे पालिओची घोड्यांची शर्यत असते, त्या दिवसांत खोल्या मिळणं अवघड. कॅथेड्रलशेजारी एक प्रचंड अर्धवट भिंत दिसेल, देऊळ अजून मोठं करायचं काम चालू होतं, 1348 ची प्लेग आली आणि ते तसंच राहिलं. मी त्या भिंतीकडे बराच वेळ बघत बसले होते.

पिएन्झा आणि मोन्तेपुल्चानो या जवळच्या गावांसाठी तिथून दोन दिवस गाडी भाड्याने घेतलीत तरी चालेल, इंटरनॅशनल परमिट भारतातूनच काढून न्या. पण झेड टी एल लिहिलेल्या बोर्डाच्या आत चुकूनही गाडी घालू नका, जुन्या गावात रहिवाशांच्याच गाड्यांना परवानगी असते आणि कॅमेरे लावलेत. आम्ही एका वळणावर चुकलो, तिथे काही कळलं नाही, घरी आल्यावर काही महिन्यांनी दंडाचं पत्र आलं आणि गाडीवाल्यांनी त्यांचा चार्ज वेगळा कापला. गाडी वेशीबाहेर लावा आणि चाला.

असिसीला संत फ्रान्सिसच्या बॅसिलिकात, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चमध्ये, वरच्या मजल्यावर छताकडे नक्की बघा, 26 सप्टेंबर 1997 च्या भूकंपात त्याचा काही भाग कोसळला होता, चार माणसं गेली, नंतर छतावरच्या चित्रांचे तुकडे वेचून वेचून जोडले. 4 ऑक्टोबरला संत फ्रान्सिसचा उत्सव असतो, गर्दी सोसत नसेल तर ती तारीख सोडा. पेरूजा तिथून ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत, एका दिवसात होतं, तिथेही जुन्या किल्ल्याच्या पोटातून सरकते जिने आहेत.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी माणसाचे अजिबात हाल होत नाहीत. सिएनाकडे पिची आल्लाल्योने मागा, जाड हाती वळलेल्या शेवया आणि लसूण टोमॅटो. तिकडच्या पावात मीठ नसतं, शिळा असेल असं समजू नका. असिसी पेरूजाकडे तोर्ता अल तेस्तो मिळते, तव्यावरची जाड भाकरीच, आत पालेभाजी आणि चीज, आमच्या ह्यांनी तीन दिवस तीच खाल्ली. पिठात कधी डुकराची चरबी घालतात, म्हणून आधी "सेन्झा स्त्रुत्तो?" विचारा. रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी मिळत नाही, दुपारी दुकानं बंद, तेव्हा बॅगेत थोडा चिवडा ठेवा.

बॅगा मात्र लहान घ्या, माणशी एकच, सगळीकडे दगडी रस्ते आहेत. तारखा ठरल्या की सांगा, असिसीला आम्ही ज्या बाईंकडे उतरलो होतो तिथे तळमजल्यावर एक खोली आहे, जिना नाही, मिस्टरांना बरी पडेल.