बोर्ड भरायचा, पण कुणासाठी?

प्रश्न: ताई, आमच्या विभागात आता प्रत्येक काम ऑनलाइन बोर्डवर कार्ड करून टाकायचं असा नियम झालाय. कार्डाला रंग, तारीख, किती टक्के झालं ते. सकाळी आल्यावर अपडेट, निघण्याआधी पुन्हा अपडेट. एवढं करून दुपारी साहेबांचा मेसेज येतोच, ‘त्या कामाचं कुठवर आलं?’ मी कुरकुर केली की तरुण सहकारी म्हणतात, तुम्हाला बदलच नको असतो. माझं चुकतंय का?

उत्तर: वय मध्ये आणू नका आणि त्यांनाही आणू देऊ नका. तुमची कुरकुर जुनी आहे आणि चांगल्या घराण्यातली आहे. माणसांनी मिळून वापरायची सॉफ्टवेअरं का फसतात, यावर जोनाथन ग्रुडिन या संशोधकांनी १९८८ साली एक निबंध लिहिला. त्यांनी दिलेलं एक मोठं कारण असं, की राबतो एक आणि फायदा दुसऱ्याचा. त्यांचं उदाहरण मिटिंग ठरवणाऱ्या कॅलेंडरचं होतं. सगळ्यांनी आपापलं कॅलेंडर नेमाने भरलं तर संगणक सर्वांची मोकळी वेळ शोधून देणार. पण सोय झाली ती मिटिंग बोलावणाऱ्याची. बाकीच्यांच्या वाट्याला नुसतं भरणं. मग लोक टाळाटाळ करतात, आणि अर्धवट भरलेल्या कॅलेंडरचा बोलावणाऱ्यालाही उपयोग राहत नाही.

तुमच्याकडे तर याच्या पुढची पायरी आहे. ज्यांच्यासाठी भरता, तेच उघडून बघत नाहीत.

म्हणून बोर्ड फेकून द्या असं मी म्हणणार नाही. ग्रुडिन यांनीच एका सहकारी संशोधिकेबरोबर १९९५ मध्ये दोन मोठ्या कंपन्यांत पाहिलं, तर तेच कॅलेंडर लोक सर्रास वापरत होते. वरून हुकूम आला म्हणून नव्हे. ते हाताळायला सोपं झालं होतं, ईमेलला जोडलेलं होतं, आणि शेजारचे वापरतात म्हटल्यावर आपण न वापरणं गैरसोयीचं झालं होतं. भरणाऱ्यालाच त्यातून काहीतरी मिळायला लागलं की भरण्याचा त्रास वाटेनासा होतो.

तेव्हा साहेबांकडे तक्रार घेऊन जाऊ नका, सौदा घेऊन जा. ‘तुम्हाला जे विचारायचं ते कार्डाखाली विचारा, मी तिथेच उत्तर देते. इतर ठिकाणी विचारलंत तर मी कार्डाची लिंक पाठवीन.’ पहिले काही दिवस लिंका पाठवाव्या लागतील. पाठवा, हसून पाठवा. दुसरं, ती टक्केवारी काढून टाकायला सांगा. ‘साठ टक्के झालं’ म्हणजे नेमकं काय झालं, हे मला आजवर कुणी समजावून देऊ शकलेलं नाही. शेवटचे दहा टक्के पहिल्या नव्वदांपेक्षा जास्त वेळ खातात, हे मात्र सगळ्यांना ठाऊक असतं. तीन रकाने पुरेत: करायचंय, चालू आहे, अडलंय. खरी किंमत ‘अडलंय’ची. तिथे कार्ड गेलं की ते कुणामुळे अडलंय त्या माणसाचं नाव लिहायचं आणि साहेबांनी त्याच दिवशी त्यात लक्ष घालायचं, एवढं कबूल करून घ्या. हे झालं तर बोर्ड तुमच्याही कामाचा. नाही झालं, तर दिवसातून एकदाच भरा आणि तेही दोन ओळीत.

प्रश्न: आम्ही पाच-सहा जण एका ऑनलाइन फाइलमध्ये अहवाल लिहितो. परवा उघडली तर माझा अख्खा भाग गायब. कुणी काढला म्हटलं तर सगळे गप्प. आता मी आधी स्वतःच्या फाइलमध्ये लिहून ठेवते, आणि ‘अंतिम’, ‘नवीन अंतिम’ असा ढीग झालाय.

उत्तर: मजकूर गेलेला नाही. फाइलच्या मेनूत व्हर्जन हिस्टरी असते. तिथे जुन्या तारखेची प्रत उघडून आपला भाग परत आणा. कुणी लॉग-इन करून बदल केला असेल तर नावही दिसेल. पण पंचनामा करत बसू नका, बहुतेक वेळा चुकून निवड झालेली असते आणि बोट डिलीटवर पडलेलं असतं.

संगणक संशोधक डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत संगणकावर मिळून काम करण्याचं जे प्रात्यक्षिक दाखवलं, त्यात दूरच्या प्रयोगशाळेत बसलेला सहकारी आणि ते एकाच पडद्यावरचा मजकूर पाहत बोलत होते. गंमत अशी, की सहकाऱ्याला मजकुरावर बोट ठेवता येत होतं, बदल करायचा अधिकार मात्र एंगेलबार्टनी स्वतःकडे राखला होता. दोन माणसं होती तरी! तुम्ही सहा आहात आणि सगळ्यांच्या हातात कात्री आहे.

एक जण फाइलचा मालक ठरवा. बाकीच्यांनी दुसऱ्याच्या भागात फक्त कमेंट करायची किंवा सजेशन मोडमध्ये सुचवायचं, घ्यायचं की नाही ते मालक ठरवेल. मालकाला हे जादा काम आहे, तेव्हा त्याच्याकडे लिहायचा भाग कमी द्या. तुमच्या खासगी प्रती तेव्हाच थांबतील. तोवर ठेवा, मी तुम्हाला दोष देणार नाही.

प्रश्न: मी टीम सांभाळतो. कामाच्या गोष्टी मला रात्री सुचतात, त्या ग्रुपवर टाकतो. ‘सकाळी बघा’ असंही लिहितो. तरी लोक रात्रीच उत्तरं देतात आणि मागे माझ्या नावाने बोटं मोडतात. यात माझा काय दोष?

उत्तर: तुमच्या डोक्यावरचं ओझं उतरतं आणि ते थेट त्यांच्या उशाशी जाऊन बसतं, हा. वरिष्ठाने ‘सकाळी बघा’ लिहिलं तरी फोन वाजतो तो रात्रीच, आणि पहिल्याने उत्तर दिलं की दुसऱ्याला गप्प बसवत नाही. मेसेज लिहा, पण शेड्यूल करून सकाळच्या वेळेला लावा. तुमच्या ॲपमध्ये ती सोय नसेल तर स्वतःलाच पाठवून ठेवा.

ही केवळ सौजन्याची बाब राहिलेली नाही. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याच्या हक्कावर कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी कराव्या लागतात. ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेनंतरच्या मेसेजला उत्तर न देण्याचा हक्क कायद्याने आला, मात्र नकार अवाजवी नसला पाहिजे. खरोखर तातडीचं असेल तर फोन करा. फोन करताना जो संकोच वाटतो, तो मेसेज टाकतानाही वाटू दे.

प्रश्न: व्हिडिओ मिटिंग संपली की मी पार गळून जाते. इतरांना नाही होत असं. काय करू?

उत्तर: इतरांनाही होतं, सांगत नाहीत. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे संशोधक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये याची कारणं मांडली, त्यातलं एक म्हणजे सतत स्वतःचा चेहरा बघत बसणं. ‘हाइड सेल्फ व्ह्यू’ दाबा. तुम्ही इतरांना दिसता, स्वतःला नाही. खुर्ची थोडी मागे घ्या. आणि ज्या मिटिंगमध्ये तुम्हाला फक्त ऐकायचं आहे, तिथे आधी सांगून कॅमेरा बंद ठेवा.