बीपीची गोळी चालू असताना पोटॅशियम आणि व्हिटॅमिन सीच्या गोळ्या घेतल्या तर चालतात का?

सीचं फारसं टेन्शन नको, पोटॅशियम मात्र स्वतःच्या मनाने अजिबात सुरू करू नका.

आधी बीपीच्या गोळीची स्ट्रिप उलटून नाव वाचा. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी काही असेल, तर या औषधांनी पोटॅशियम आधीच शरीरात साठतं. त्यात वरून गोळी घेतली किंवा किडनी कमजोर असली, की रक्तातलं प्रमाण वाढून हृदयाचे ठोके बिघडतात, आणि बरेचदा आधी काही जाणवतही नाही. ‘लो सोडियम’ मिठातही पोटॅशियम क्लोराइडच असतं, हे कुणी सांगत नाही! म्हणून आधी रक्तातलं पोटॅशियम (सीरम पोटॅशियम) आणि किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारं क्रिएटिनिन तपासा. डॉक्टरांनी गोळी दिलीच, तर जेवणानंतर, ग्लासभर पाण्याबरोबर, चावून किंवा कुटून न घेता गिळा आणि लगेच आडवे होऊ नका.

सीची चघळायची नारिंगी गोळी बहुतेक 500 मिलिग्रॅमची असते. रोजची गरज 100च्याही आत. एका आवळ्यात किंवा एका पेरूत काम होतं. मुतखडा होऊन गेला असेल तर मोठा डोस टाळाच.